इराणवरचे निर्बंध परत लागू: २०१५चा करार जमला कसा आणि मोडला कसा?

अजिंक्यतारा

२८ सप्टेंबर २०२५ च्या रविवारी आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले, न्यूयॉर्कमध्ये शनिवारची रात्र होती, आणि संयुक्त राष्ट्रांचे इराणविरुद्धचे सहा जुने ठराव पुन्हा लागू झाले. २००६ ते २०१० या काळातले. शस्त्रखरेदीवर बंदी, युरेनियम समृद्ध करण्यावर बंदी, क्षेपणास्त्रांवर बंधनं, माणसांची आणि कंपन्यांची मालमत्ता गोठवणं, सगळं आलं. माझ्या घरी येणाऱ्या पेपरात पहिलं पान दुबईतल्या भारत-पाकिस्तान अंतिम सामन्याला होतं, ही बातमी आत होती. गेली वीसेक वर्षं मी हा विषय जमेल तसा वाचतोय. मला ही बातमी फार लागली, म्हणून हा धागा.

आधी टक्क्यांचं बघू, कारण सगळा वाद टक्क्यांवरून चालतो.

सुपात हजार दाणे घ्या. त्यातले सात आपल्याला हवे आहेत, बाकी ९९३ नकोत. खाणीतून निघालेलं युरेनियम असं असतं: हवं ते युरेनियम-२३५ हजारात सात. आता नको असलेले आठशे दाणे काढून टाका. दोनशे उरले, त्यात आपले सात. झाले साडेतीन टक्के. वीज करायला एवढं पुरतं. आणखी १६५ काढा, ३५ उरले, त्यात सात. हे २० टक्के. आणखी २३ काढा, बारा उरतात, म्हणजे साधारण ६० टक्के. त्यातून फक्त चार काढले की आठात सात, जवळजवळ ९०, आणि तो बॉम्बचा माल. म्हणजे निवडण्याचे कष्ट सगळे सुरुवातीला आहेत. ६० टक्क्यांवर पोचलेल्या माणसाचं सूप जवळपास निवडून झालेलं असतं. प्रत्यक्षात हे काम सेंट्रिफ्यूज करतात. युरेनियमचा वायू भरलेल्या उभ्या नळ्या, सेकंदाला हजारच्या आसपास फेरे, आणि अशा हजारो नळ्या एकापुढे एक जोडलेल्या.

१४ जुलै २०१५ ला व्हिएन्नात इराण आणि सहा बडे देश (अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, रशिया, चीन) यांच्यात जो करार झाला त्याने हे सूपच इराणच्या हातून बरंचसं काढून घेतलं. १९ हजारांच्या आसपास सेंट्रिफ्यूज होते, ते ६,१०४ वर आले. पंधरा वर्षं ३.६७ टक्क्यांच्या वर जायचं नाही, साठा ३०० किलोच्या वर न्यायचा नाही. ११ टनांहून जास्त माल डिसेंबरात जहाजावर चढवून रशियाला पाठवला. अराकच्या अणुभट्टीचा गाभा काढून त्यात काँक्रीट ओतलं. एका बॉम्बपुरता माल तयार करायला इराणला आधी दोन-तीन महिने लागले असते, ते वर्षावर गेलं. बदल्यात निर्बंध उठायचे होते. १६ जानेवारी २०१६ ला ते उठलेही.

८ मे २०१८ ला ट्रम्प यांनी अमेरिकेला करारातून बाहेर काढलं. तोवर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे, म्हणजे आयएईएचे, सगळे अहवाल इराण करार पाळतोय असंच सांगत होते. त्यानंतरही इराणने वर्षभर वाट पाहिली. जुलै २०१९ मध्ये ३०० किलोची मर्यादा ओलांडली, जानेवारी २०२१ मध्ये २० टक्के, त्याच एप्रिलमध्ये ६० टक्के. २०२५ च्या १३ जूनला इस्रायलने हल्ला केला तेव्हा इराणकडे ६० टक्क्यांचं ४४०.९ किलो होतं. आयएईएच्या मोजमापात असं साधारण ४२ किलो आणखी समृद्ध केलं की एका बॉम्बला पुरतं. २२ जूनला अमेरिकेने फोर्डो, नतान्झ आणि इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. तेव्हापासून तो साठा नेमका कुठे आणि कोणत्या अवस्थेत आहे, हे कुणी निरीक्षक जाऊन बघू शकलेला नाही.

माझं म्हणणं एवढंच, की निर्बंधांचा धाक ते उठतील या भरवशावर चालतो. देणेकऱ्याने पैसे फेडले तरी गहाण सुटणार नसेल तर तो फेडेल कशाला? २०१८ मध्ये आपण तो भरवसा मोडला. ‘आपण’ म्हणतोय, कारण बाकीचं जगही ते थांबवू शकलं नाही.

सविस्तर मतं यावीत. विरोधी तर नक्कीच यावीत.


परखड

धागा उत्तम, पण चित्र एका बाजूचं आहे. इराण १९७० पासून अण्वस्त्रप्रसारबंदी कराराने बांधलेला देश आहे, तरी नतान्झ जगाला कळलं २००२ मध्ये, तेही इराणच्या विरोधकांनी बाहेर काढलं म्हणून. फोर्डो कळलं २००९ मध्ये. कोमजवळच्या डोंगराच्या पोटात वीजनिर्मितीसाठी कुणी कारखाना खणतं का? आयएईएनेच डिसेंबर २०१५ च्या अहवालात लिहिलं, की २००३ संपेपर्यंत इराणमध्ये स्फोटक उपकरणाशी निगडित काम संघटितपणे चालू होतं. आणि ६० टक्के कुठल्या वीजकेंद्राला लागतात ते सांगा.

दुसरं, २०१५ चा करार झाला तो निर्बंधांमुळेच ना? २०१२ मध्ये युरोपने तेल घेणं थांबवलं, इराणी बँका स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारजाळ्यातून, काढल्या, तेलाची निर्यात दिवसाला पंचवीस लाख पिंपांवरून दहा लाखांच्या घरात आली. पुढच्याच वर्षी रुहानी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, निर्बंध उठवून दाखवतो म्हणून. दाब दिला तेव्हा माणूस बोलायला बसला.

आणि मुदती. काही अटी दहा वर्षांनी संपणार, काही पंधरा वर्षांनी. क्षेपणास्त्रांवर करारात कलम नाही, हिजबुल्लावर एक शब्द नाही. तेल अवीवमध्ये राहणाऱ्याला हे समाधानकारक वाटेल असं मला वाटत नाही.


अजिंक्यतारा

परखड, लपवाछपवीचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. ६० टक्क्यांना वीजनिर्मितीत काही स्थान नाही, हेही मान्य. ती दाब टाकायची चाल होती आणि ती इराणच्या अंगाशी आली.

पण निर्बंधांचा हिशोब पुरा मांडू. २००३ च्या ऑक्टोबरात ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीचे परराष्ट्रमंत्री तेहरानला गेले, इराणने समृद्धीकरण थांबवायचं कबूल केलं. त्या वेळी इराणचे मुख्य वाटाघाटीकार होते हेच रुहानी. २००५ मध्ये इराण मोजके सेंट्रिफ्यूज ठेवून बाकी देखरेखीखाली द्यायला तयार होता. समोरून उत्तर एकच, शून्य. मग राष्ट्राध्यक्षपदी अहमदीनेजाद आले. एप्रिल २००६ मध्ये इराणने १६४ सेंट्रिफ्यूजची पहिली साखळी चालवून दाखवली. त्यानंतर ठरावावर ठराव झाले आणि २०१३ पर्यंत संख्या १९ हजारांवर गेली. निर्बंध वाढत होते त्याच वर्षांत सेंट्रिफ्यूजही वाढत होते. संख्या खाली आली ती ‘थोडं समृद्धीकरण ठेवा’ हे अमेरिकेने ओमानमधल्या गुप्त बैठकांत मान्य केल्यावर. दाबाने इराण टेबलाशी आला असेल, पण सही झाली ती या सवलतीमुळे.

मुदतींवर तुमच्याशी अर्धा सहमत आहे. पंधरा वर्षं म्हणजे २०३०-३१. तोवर निरीक्षक आत असते आणि पुढचा करार करायला वेळ असता. आज तो वेळही नाही, निरीक्षकही नाहीत.


डोनाऊकाठी

मी व्हिएन्नात राहते, २००९ पासून. २०१५ च्या जूनअखेरीला इथे उन्हाचा तडाखा होता आणि माझा ऑफिसचा रस्ता पॅले कोबुर्गवरून जायचा. वाटाघाटी चालल्या होत्या ते हे हॉटेल जुन्या शहराच्या तटबंदीवर उभं आहे. समोर पत्रकारांचे तंबू, फूटपाथवर केबलची भेंडोळी, छत्र्या, पाण्याच्या बाटल्या. आज होणार, उद्या होणार, असे अठरा दिवस गेले. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी कुबड्या घेऊन होते. मे महिन्यात सायकलवरून पडून त्यांचा पाय मोडला होता. इराणचे परराष्ट्रमंत्री जवाद झरीफ मधूनच गच्चीत यायचे आणि खाली उभे असलेले वार्ताहर ओरडून प्रश्न विचारायचे. घरी जाताना मीसुद्धा पाच-दहा मिनिटं थांबायचे. पाय मोडलेला माणूस एवढे दिवस एका इमारतीत बसून राहतो, तर काहीतरी होणार, असं वाटायचं.

आत खरा गाडा ओढला तो दोन शास्त्रज्ञांनी. अमेरिकेचे ऊर्जामंत्री अर्नेस्ट मोनिझ आणि इराणच्या अणुऊर्जा संघटनेचे प्रमुख अली अकबर सालेही. सालेहींची डॉक्टरेट एमआयटीची, मोनिझ तिथलेच प्राध्यापक. राजकारणी जिथे अडले तिथे या दोघांनी आकडे मांडले. परिशिष्टांसकट १५९ पानांचा मसुदा झाला, आणि त्यातली कितीतरी पानं किती नळ्या, कुठल्या खोलीत, कोणाच्या सीलखाली यावरच आहेत.

निरीक्षण म्हणजे काय हेही सांगते, कारण ‘निरीक्षक’ म्हटलं की वही घेऊन फिरणारा माणूस डोळ्यासमोर येतो. ते सुती कापडाचे छोटे चौकोनी तुकडे घेऊन जातात. भिंत, मशीनचा पाय, दाराची मूठ असं काहीही पुसतात, तुकडा दुहेरी पिशवीत बंद करतात. तो व्हिएन्नाजवळच्या साइबर्सडॉर्फच्या प्रयोगशाळेत येतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या कणावरून तिथे काय शिजलं होतं ते कळतं. २००३ मध्ये नतान्झच्या अशाच पुसण्यात उच्च समृद्ध युरेनियमचे कण सापडले. इराण म्हणाला, बाहेरून आणलेल्या सुट्या भागांवर आधीच होते. ते भाग पाकिस्तानच्या ए. क्यू. खान यांच्या जाळ्यातून आले होते, आणि तपासात ते म्हणणं बऱ्याच अंशी जुळलं. कापडाच्या तुकड्याने संशय उभा केला, त्याच कापडाच्या तुकड्याने तो बराचसा निवळवलाही. बॉम्ब टाकून हे होत नाही. फोर्डोच्या डोंगरात आज काय उरलंय ते विमानातून दिसणार नाही.


कडेगावकर

एक शंका. चीन तर इराणचं तेल घेतोच आहे, मग निर्बंध कसले? आणि ‘स्नॅपबॅक’मध्ये, म्हणजे हे जुने निर्बंध परत आणताना, रशिया-चीनने नकाराधिकार का नाही वापरला?


अजिंक्यतारा

कडेगावकर, दुसरा प्रश्न आधी, कारण त्यातली युक्ती बघण्यासारखी आहे. सुरक्षा परिषदेत नकाराधिकार एरवी निर्बंध अडवायला वापरतात. २०१५ च्या ठराव २२३१ मध्ये प्रश्नच उलटा करून ठेवला. करारातल्या कुणीही ‘इराण करार मोडतोय’ असं कळवलं की ३० दिवसांत परिषदेने ‘सवलत चालू ठेवा’ असा ठराव करायचा. तो झाला नाही तर जुने निर्बंध आपोआप परत. म्हणजे रशिया-चीनकडे नकार द्यायला काही उरलंच नाही. युरोपच्या तिघांनी २८ ऑगस्टला कळवलं, १९ सप्टेंबरला मतदान झालं, सवलतीच्या बाजूने चार मतं पडली. रशिया, चीन, पाकिस्तान, अल्जीरिया. विरोधात नऊ. विशेष म्हणजे ही तरतूद इराणने मान्य केली होती. त्यांना वाटलं होतं की करार मोडलाच तर तो आपल्याकडून मोडणार नाही.

चीनबद्दल: इराणचं जवळपास ९० टक्के कच्चं तेल चीनला जातं, तेही शानडाँगकडच्या छोट्या खासगी रिफायनऱ्यांना, सवलतीच्या भावात, बरंचसं मलेशियाचं म्हणून. पैसा युआनमध्ये चीनमध्येच राहतो, त्यातून चिनी माल घ्यायचा. तिजोरी चालते, देश चालत नाही.


बेलापूर_पट्टी

औषधांवर निर्बंध कधीच नव्हते, असं अमेरिका सांगते आणि कागदोपत्री ते खरं आहे. मी नवी मुंबईत औषधनिर्यातीच्या कागदपत्रांचं काम करते, म्हणून प्रत्यक्ष काय होतं ते लिहिते.

मालाला परवानगी असते. कारखाना द्यायला तयार असतो, तिकडचा हॉस्पिटल पुरवठादार पैसे घेऊन उभा असतो. मध्ये बँक असते. २०१४ मध्ये बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला अमेरिकेने जवळजवळ ९ अब्ज डॉलरचा दंड केला, सुदान, इराण आणि क्यूबाचे व्यवहार डॉलरमधून फिरवल्याबद्दल. त्यानंतर कुठल्या बँकेचा अधिकारी चाळीस लाखांच्या औषधासाठी जोखीम घेईल? २०१९ मध्ये एका बँकेने आमची फाइल सात आठवडे ठेवली. रोज एक नवा कागद. शेवटचा कागद होता खरेदीदाराच्या वडिलांच्या नावाचा दाखला, कारण त्याचं नाव यादीतल्या कुणाशी तरी जुळत होतं. तो दाखला आला तोवर मालाची शिल्लक मुदत कमी झाली आणि त्यांच्या खात्याने तो घ्यायला नकार दिला. त्या खोक्यांमध्ये रक्त गोठू न देणारं इंजेक्शन होतं. यात कुणी कायदा मोडला नाही. नाही म्हणायचंही कुणाला धाडस नव्हतं, म्हणून प्रत्येकाने फक्त थांबवून ठेवलं.

त्वचा हाताच्या स्पर्शाने सुटते अशा आजाराची मुलं असतात. त्यांच्या जखमांवर लावायच्या खास पट्ट्या एका युरोपीय कंपनीने २०१८ नंतर इराणला द्यायचं थांबवलं. त्यावर संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी पत्रं लिहिली. ज्यांनी नतान्झ बांधलं त्यांच्या घरी या पट्ट्या लागत नसतील.


बोईसरकर

बाबा तारापूरला होते, मी कॉलनीत वाढलो. परदेशी निरीक्षक येतात, सील तपासतात, कॅमेरे बघतात, हे आम्हाला नवल नव्हतं. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या सुरुवातीपासून आयएईएच्या देखरेखीखाली आहेत. म्हणून हा धागा वाचताना एक गोष्ट सारखी आठवतेय.

१९६३ च्या करारात अमेरिकेने तारापूरला तीस वर्षं इंधन द्यायचं कबूल केलं होतं. १९७४ ला पोखरण झालं, १९७८ मध्ये अमेरिकेने स्वतःचा कायदा बदलला आणि इंधन अडलं. सही केलेला करार एका बाजूच्या संसदेने फिरवला. पण तिथे एक वाट निघाली. १९८२ मध्ये तिन्ही बाजूंच्या संमतीने अमेरिकेच्या जागी फ्रान्स आला, देखरेख तशीच चालू राहिली, दिवे चालू राहिले. वापरलेलं इंधन मात्र आमच्याच गळ्यात राहिलं. अमेरिका ते परत नेईना आणि आपण त्यावर पुन्हा प्रक्रिया केलेलीही तिला चालेना.

२०१८ नंतर युरोपने हेच करायचा प्रयत्न केला, अमेरिका गेली तर तिची जागा आपण भरायची. २०१९ मध्ये इन्स्टेक्स नावाची व्यवस्था काढली, डॉलरला हात न लावता व्यापार करायला. पहिला व्यवहार व्हायला मार्च २०२० उजाडलं, तोही वैद्यकीय सामानाचा, आणि २०२३ मध्ये गुंडाळली. टोटल या फ्रेंच तेलकंपनीने साउथ पार्सचं वायुक्षेत्र सोडलं, प्यूजो ही मोटारकंपनी निघून गेली. सरकारं राहा म्हणत होती, कंपन्या थांबल्या नाहीत. १९८२ मध्ये एका देशाची जागा दुसरा देश घेऊ शकला, कारण द्यायची होती ती वस्तू होती, इंधन. २०१८ मध्ये जागा घ्यायची होती डॉलरची, आणि ती घेणारा कुणी नव्हता.

आपल्या मतदानाबद्दलही लिहिलं पाहिजे. सप्टेंबर २००५ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २००६ मध्ये भारताने आयएईएत इराणच्या विरोधात मत दिलं. पहिल्या मतदानाच्या दोन महिने आधीच, जुलैमध्ये, अमेरिकेबरोबर अणुकराराची घोषणा झाली होती. बाबा त्या दिवशी जेवताना गप्प होते. एवढंच म्हणाले, की अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर आपण सहीच केली नव्हती म्हणून आपल्याला बोलता आलं, त्यांनी सही केलीय म्हणून त्यांना मोजावं लागणार. कायद्याने ते बरोबरच होतं. पण ज्यांच्यावर निर्बंध लागून गेलेत त्यांनी ते मत देताना काय वाटलं असेल, हे मला आजही कळलेलं नाही.


परखड

बोईसरकर, ही तुलना मी कधी अशी पाहिली नव्हती. बेलापूर_पट्टी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. इराणच्या राजवटीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही; स्वतःच्या मुलींवर गोळ्या चालवणारी ती राजवट आहे. पण निर्बंध हे त्या राजवटीला लागतात असं मी जे धरून चाललो होतो, ते तपासून बघायला हवं.

तरी ४४०.९ किलोचं काय करायचं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.


डोनाऊकाठी

परखड, ते उत्तर आयएईएचे प्रमुख ग्रोसींकडेही नाही. नियमाप्रमाणे असा साठा दर महिन्याला बघायचा असतो. ९ सप्टेंबरला कैरोत त्यांनी आणि इराणचे परराष्ट्रमंत्री अराघची यांनी निरीक्षण पुन्हा सुरू करण्याच्या पद्धतीवर सही केली होती. निर्बंध परत आले तर ती समजूत संपेल, असं इराणने तेव्हाच सांगितलं होतं. वायू ज्या नळकांड्यांत असतो त्या पाणबुड्याच्या पाठीवरच्या टाकीएवढ्या असतात, काही गाड्यांच्या डिकीत सगळ्या मावतील. जूनमध्ये मस्कतला पंधरा तारखेला अमेरिका-इराण वाटाघाटींची सहावी फेरी ठरली होती. तेराला हल्ला झाला. मला ते दोन दिवस राहून राहून आठवतात.


केळीबाग_करमाळा

मी पहिल्यांदाच अशा विषयावर लिहितोय. आमच्याकडे कंदर, टेंभुर्णी पट्ट्यात केळी निर्यातीची आहे आणि इराण हे मोठं गिऱ्हाईक. घडाला फण्या मोजून ठेवायच्या, पिशवी चढवायची, डाग पडू द्यायचा नाही. तोडणीची टोळी पहाटे येते, फण्या सोडवून तुरटीच्या पाण्यात टाकते म्हणजे चीक जातो, मग १३ किलोचा बॉक्स. तिथून रिफर कंटेनर, न्हावा-शेवा, बंदर अब्बास.

१३ जून शुक्रवार होता. माझा माल त्या आठवड्यात तोडायचा होता. व्यापाऱ्याचा शनिवारी फोन, की बोट नाही, विमा नाही, थांबा. केळी थांबत नाही. चार दिवसांनी घड झाडावरच भरून फुटायला लागले, तेव्हा निर्यातीचा माल लोकल गाडीत भरला आणि मिळेल तो भाव घेतला. खोडव्याचं खत त्या पैशांतून घेणार होतो.

व्यापारी म्हणतो, पैसे पहिल्यापासूनच दुबईवरून येतात, आता आणखी एका हातातून येतील, म्हणजे आणखी एक कटती. तिकडे रियाल एवढा घसरलाय, की तेहरानच्या बाजारात केळी चैनीची वस्तू झालीय, असं त्याचा तिकडचा माणूस सांगतो. तो माणूस तबरीझचा आहे. मागच्या वर्षी इथे बागेत आला होता, आईने त्याला दही-धपाटं वाढलं. त्याला सातेक वर्षांची मुलगी आहे, तिचा फोटो दाखवला होता. युद्ध चालू होतं तेव्हा बारा दिवस त्याचा फोन लागत नव्हता. तेराव्या दिवशी त्याने फक्त बागेचा फोटो मागितला.

अजिंक्यतारा सर, सुपाचं उदाहरण मी घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, मग निवडलेलं कुठं ठेवलंय ते आधी बघा की.


अजिंक्यतारा

केळीबाग, सर नका म्हणू. तुमच्या आईंनी बोट बरोबर जागी ठेवलं. पुढच्या तोडणीचं काय ठरलंय?


केळीबाग_करमाळा

दिवाळीनंतर आहे. व्यापाऱ्याने अर्ध्या मालाची बोली केलीय, बाकीचा आखातात दुसरीकडे बघू म्हणतो. मी नऊऐवजी आठच फण्या ठेवल्यात, माल मोठा होईल, म्हणजे कुठंही खपेल. बंदर अब्बासची बोट मिळाली तर इथं लिहितो.